वेल्डवरची लाल रेघ

"घाई कोणाक आसा? वेल्डाक नाय." कारखान्याचा माणूस घड्याळाकडे बघायला लागला की आमच्या ऑफिसातले सर असं म्हणायचे आणि उलट्या बादलीवर ठाण मांडायचे.

आमचं काम लोखंडी सांगाड्यांच्या वेल्डमधले, म्हणजे जोडांमधले, तडे शोधायचं. वेल्ड स्वच्छ करायचा, लाल रंग फवारायचा, मुरू द्यायचा, पुसायचा आणि वर पांढरा थर मारायचा. तडा असेल तर आत शिरलेला रंग वर येतो आणि पांढऱ्यावर केसासारखी लाल रेघ उमटते. दिसली तर सांगायचं, नाही दिसली तर सही करायची.

रंग मुरेपर्यंत कामाचं बोललेलं सरांना चालत नसे. मग विषय मासळी. मूळचे मालवणचे, राहायला बोरिवलीला. मी वर्सोव्याहून आणलेल्या बोंबलांना दर वेळी नावं ठेवायचे. "बाय, हे बोंबील नाय, ओले फडके आसत." आणि माझ्या डब्यातले दोन उचलायचे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, नावं ठेवून डबा रिकामा करणारी.

कामात मात्र हा माणूस हलायचा नाही. एका मालकाने एकदा गयावया केली, साहेब, एवढीशी तर रेघ आहे, चालवून घ्या. सरांनी विचारलं, "तुमच्या पोराच्या डोक्यावर चालात?" मालकाने वेल्डरला हाक मारली. गंभीर बोलायचं झालं की मात्र त्यांची मालवणी गळून पडायची आणि पुस्तकातलं मराठी यायचं. ते आलं की आम्ही सावध व्हायचो.

तपासणाऱ्याचे डोळे दरवर्षी तपासावे लागतात. मुलुंडच्या आमच्या ऑफिसात ते काम माझ्याकडे होतं. बारीक होत जाणाऱ्या अक्षरांचं इंग्रजी कार्ड हातभर अंतरावर धरून वाचायचं. सर ते बातम्या दिल्यासारखे खणखणीत वाचायचे. सगळं ऑफिस ऐकायचं. त्या वर्षी जुन्या कार्डावर चहा सांडला म्हणून मी नवं आणलं, एवढंच.

जुन्या कार्डावर शेवटी एका बोटीची गोष्ट होती. नव्यावर बागेची. सरांनी नवं कार्ड हातात घेतलं आणि खणखणीत आवाजात बोटीची गोष्ट वाचायला सुरुवात केली.

सगळे हसले. मीही हसले. आम्हाला वाटलं, सर मस्करी करतायत. तेही हसले, पण कशाला ते त्यांना कळलं नव्हतं. "काय झालां गो?"

मी सांगितलं. त्यांनी कार्ड जवळ धरलं, लांब धरलं, खिडकीपाशी नेलं. मग टेबलावर पालथं ठेवलं. त्यांचे कान लाल झाले होते.

"मी खोटं वाचलं नाही," ते म्हणाले. "मला दिसत होतं."

ते खरंच होतं. इतक्या वर्षांत त्या ओळी त्यांच्या तोंडात बसल्या होत्या आणि डोळ्यांचं काम तोंड करत होतं. त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. ऑफिसात जो तो आपापल्या कॉम्प्युटरमध्ये डोकं घालून बसला.

डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. ऑपरेशनचं नंतर बघू, म्हणाले सर. आधी डोळ्यांच्या गेल्या तपासणीनंतर त्यांनी सही केलेला प्रत्येक वेल्ड पुन्हा बघायचा. मी म्हटलं, मी बघते, तुम्ही घरी बसा. ऐकलं नाही. रंगाचे डबे उचलून माझ्या मागोमाग यायचे, हेल्परसारखे. ओळखीचे फोरमन विचारायचे, आज मॅडम पुढे कशा? सर खाली बघायचे.

बरेचसे वेल्ड चांगले निघाले. माझा जीव जरा भांड्यात पडला होता. मग घाटकोपरचा कारखाना आला. तिथल्या क्रेनच्या गर्डरचा, म्हणजे वरच्या आडव्या तुळईचा, वेल्ड. क्रेन थांबवली होती, म्हणून कामगार खालीच पेपर अंथरून जेवायला बसले होते. आम्ही वर मचाणावर. मी पांढरा थर मारला आणि थांबले. वेल्डच्या कडेला लाल रेघ उमटली.

"दिसतां?" सरांनी विचारलं.

"हो."

"केवढी?"

"बोटाच्या पेराएवढी."

ते वाकले. इतके जवळ गेले की नाकाला पांढरी पूड लागली. तरी त्यांना ती दिसेना.

मी म्हटलं, सर, क्रेन रोज चालते, तडा नंतरही गेला असेल. मी खोटं सांगत नव्हते, तसं होऊ शकतं.

"असेल," ते म्हणाले. "तेव्हा होता की नव्हता, हे मला सांगता येत नाही. आणि माझं काम तेवढंच होतं."

मी फोरमनला हाक मारून क्रेन बंदच ठेवायला सांगितली. तोवर सर शिडीवरून खाली उतरले होते. सरांना मी कामावर शेवटचं पाहिलं ते तिथून, वरून. ते जेवणाऱ्या माणसांपुढे उभे राहिले. इथून उठा, म्हणाले, मला दिसत नसताना हा गर्डर मी पास केला होता, तुम्ही रोज त्याखाली काम करत होता. त्या माणसांना काहीच कळलं नाही. एका म्हाताऱ्या कामगाराने सरकून जागा केली. "बसा साहेब. आधी दोन घास खा."

सरांनी हात जोडले. खाली मान, नाकावर पांढरी पूड. माणसांना वाटलं, साहेब नमस्कार करतायत. त्यांनीही आमटीने भरलेले हात जोडले.

दरवर्षी सरांच्या हातात तेच कार्ड देणारी मी मचाणावरच थांबले. खाली उतरून कोणाच्या तोंडाकडे बघायचं, मला कळेना.