मेमरीवरचं कुंकू

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली, पण काल नव्या खोडरबराचा वास आला आणि अंबडची आमची कचेरी समोर उभी राहिली. तिथला कॉम्प्युटर तापतो म्हणून त्याचं झाकण उघडंच असे, आणि दसऱ्याला मी, हेडक्लार्क, त्यावर मूठभर हळदकुंकू उधळलं. दुसऱ्या दिवसापासून तो मध्येच बंद पडू लागला. "सारखा कशानं बंद पडून राह्यला?" साहेब ओरडले. मला पूजा आठवली, तरी म्हणालो, "बाईंनी भलतंच काही टाकलं असंल." ऑपरेटर बाई कंत्राटावर होत्या. "मंग उद्यापासून येऊ नका," साहेब त्यांना म्हणाले. "दहा मिनिटं द्या, साहेब," म्हणत बाईंनी मेमरीची पट्टी काढून खोडरबराने घासली. रबर लाल झालं. पट्टी बसवताच पडदा उजळला. "धूळ होती, साहेब," त्या म्हणाल्या, आणि मला हळूच, "काका, पुढच्या दसऱ्याला झाकण लावून पूजा करा." त्यांची नोकरी वाचली. आता बदनापुरात त्यांचा स्वतःचा कॉम्प्युटर क्लास आहे. दोनदा गेलो आणि नुसता चहा पिऊन परतलो. सोमवारी पुन्हा जाणार आहे, आणि या वेळी चहा येण्याआधीच बोलायचं आहे: बाई, तुमच्यावर मी खोटा आळ घेतला, मला माफ करा.