ब्रेकमध्ये तेल

शाळेत मुलं पोचवून परतताना काकूंना रबर जळाल्याचा वास आला. गाडी सकाळपासूनच जड चालत होती. उतारावर ब्रेकवरून पाय काढला तरी पुढे सरकेना, आणि ब्रेकचं पेडल बोटभर खाली जाऊन दगडासारखं थांबत होतं. त्यांनी गाडी कडेला घेऊन पुढच्या चाकाजवळ हात नेला आणि चटकन मागे ओढला. चाक तव्यासारखं तापलं होतं.

सहा मुलं होती मघाशी मागे.

काकूंनी पहिला गिअर टाकून गाडी रखडत मिस्त्रीकडे नेली. नवरा कामासाठी दूर असायचा, घरी शाळकरी मुलगी आणि सासरे. अकरा वर्षं त्या याच गाडीवर मुलांची ने-आण करत होत्या. मिस्त्रीनं ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडलं. आतलं रबर फुगून पापडासारखं वाकडं झालं होतं. त्यानं डबीतले चार थेंब पाण्याच्या पेल्यात सोडले. ते वर तरंगत राहिले.

"वहिनी, ब्रेकचं असतं तर पाण्यात मिसळलं असतं. यात कुणीतरी स्टिअरिंगचं तेल ओतलंय. त्यानं रबरं फुगून ब्रेक धरून बसलेत."

काकूंना आठवलं, शनिवारी आपणच सासऱ्यांना म्हणालो होतो, "बाबा, जरा गाडीचं पाणी-तेल बघाल का? मला आज उभंही राहवत नाही." तीस वर्षं बस चालवलेला माणूस. दुसऱ्या कुणाला सांगणार?

"नुसतं काढून टाकलं तर?"

"तेल सगळीकडे फिरलंय. चारी चाकांची रबरं, रबरी नळ्या, वरचा पंप, सगळं बदलायचं. पाइप धुवायचे. तीन दिवस धरा."

काकूंनी तिथंच बाकावर बसून मुलांच्या घरी फोन केले. पाच घरांनी समजून घेतलं. सहाव्या घरची बाई म्हणाली, "आमच्या मुलाच्या जिवाशी खेळ झाला हा." खरंच होतं ते.

घरी सासरे मटार सोलत बसले होते. "गाडी कुठं ठेवलीस?"

"मिस्त्रीकडे. ब्रेकचं काम निघालं."

"ब्रेकचं? अगं, परवाच बघितलं मी. डबीत जरा कमी होतं, भरलं की."

लपवावं असं काकूंच्या मनात आलं, पण खोटं रचण्याइतकी ताकद नव्हती. "बाबा, ती बाटली स्टिअरिंगची होती."

त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. ते हळूच म्हणाले, "अक्षरं दिसली नाहीत गं. रंगावरून घेतली." मग आणखी हळू विचारलं, "मुलं होती गाडीत?"

"होती. सगळी नीट पोचली."

रात्री ते जेवले नाहीत. काकूंनी दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा मारली नाही. समजूत घालायचंही कधी कधी जिवावर येतं.

सकाळी सासरे न सांगता मिस्त्रीकडे जाऊन बसले. दुसऱ्या दिवशीही गेले. तिसऱ्या दिवशी काकू पोचल्या तेव्हा रबरं बसली होती, नवं ब्रेक ऑइल भरलं होतं, आणि पाइपांतली हवा काढायची राहिली होती. सासरे चालकाच्या जागेवर, ब्रेकवर पाय ठेवून ताठ बसले होते. मिस्त्री चाकामागून ओरडत होता, "दाबा आजोबा. धरा. सोडा." दर वेळी ते मोठ्यांदा म्हणत, "धरलंय!"

काकू बाकावर टेकल्या आणि बसल्या जागी त्यांना झोप लागली.

जाग आली तेव्हा सासरे समोर उभे होते. "चाकं हातानं फिरवून बघितली मी. मोकळी फिरतायत. तरी तू एकदा बघ." मग म्हणाले, "आणि उद्या मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने. शाळा सुटायच्या आधी."

काकूंनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी गाडीत पाचच मुलं होती. सहाव्याच्या घरासमोरून जाताना त्यांनी सवयीनं वेग कमी केला, आणि मग पुढे निघाल्या.