नळीची सोयरीक

कोणी नवी रायफल आणली की भाऊ आधी तिच्या नळीला कान लावत. डोळा नंतर. नळी उभी धरायची, सागाच्या बारक्या काडीनं तिच्यावर एक टिचकी मारायची आणि डोळे मिटून बसायचं. समोरचा माणूस ताटकळून गेला तरी यांचे डोळे मिटलेलेच. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खुशाल हसले होते. मी चंद्रपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडत असे, दिवसभर कानाला हेडफोन. ऐकणं म्हणजे काय ते मला कोणी शिकवू नये, असा माझा तोरा होता.

भाऊ पोलिसात आर्मरर होते, म्हणजे बंदुका नीट ठेवणारे. गडचिरोलीकडं नोकरी संपवून ते चंद्रपुरात मुलाकडं राहायला आले आणि आमच्या लहानशा रायफल क्लबाच्या नळ्या-गोळ्या तपासायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. गोळ्यांचा प्रत्येक लॉट वेगळा निघतो. एका नळीतून जो लॉट दहा पैशाच्या नाण्याएवढ्या जागेत बसतो, तोच दुसऱ्या नळीतून ताटभर पसरतो. म्हणून कुठल्या नळीला कुठला लॉट मानवतो ते आधी पाहावं लागतं. भाऊ याला सोयरीक म्हणत.

"नळीले गोळी पसंत पडली पायजे, बाई," ते मला सांगत. "तुमाले पसंत पडून काई उपेग नाई." न जमलेल्या लॉटच्या खोक्यावर खडूनं फुली मारून म्हणत, "हिले नारळ द्या." मी तेव्हा एकोणतिशीची, बिनलग्नाची. वरोऱ्यापासून नागभीडपर्यंतच्या समस्त मावश्या माझी सोयरीक जुळवायला टपलेल्या होत्या. भाऊंनी त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. एवढ्यासाठीसुद्धा मला ते आवडायचे.

आमची रेंज गावाबाहेर, जंगलाला लागून, एका पडीक खाणीत होती. भाऊ चाचणी सकाळी घेत, पान हलत नसताना. रायफल लोखंडी शिकंज्यात आवळत, म्हणजे माणसाच्या हाताची चूक नको, आणि एकेका लॉटच्या दहा गोळ्या झाडत. पण आम्ही चुळबुळ करू लागलो तरी लगेच चाप ओढत नसत. "थांबा. अजून आयकून राह्यलं," म्हणत. कोण ऐकतंय, ते सांगत नसत. बार झाल्यावर पाखरं गप्प होतात हे कोणीही सांगेल. भाऊंच्या वेळी ती आधी गप्प होत, आणि मग बार होई. मी हे चार वर्षं पाहिलं आणि चार वर्षं योगायोग म्हणत राहिले.

कागदामागं ते चाळलेल्या मातीची पेटी ठेवत. चाचणी संपली की ती उपसून शिशाचे दहा तुकडे मोजून घेतल्याशिवाय घरी जात नसत. एकदा उन्हानं माझं डोकं उठलं होतं, मी म्हणाले, "भाऊ, एखादी गोळी गेली इकडंतिकडं तर काय बिघडलं?" ते माती चाळत राहिले. मग म्हणाले, "कागदावर नाई तं मातीत असन. मातीत नाई तं कोनाच्या आंगात असन?" नोकरीत असताना चाचणीची एक गोळी सापडली नव्हती, तरी त्यांनी हिशेब पुरा म्हणून सही केली होती. तिसऱ्या दिवशी जंगलात चरायला गेलेला एका गोंड म्हाताऱ्याचा बैल मेलेला सापडला. भाऊ पंचशील मानणारे. उभ्या जन्मात त्यांनी जिवंत वस्तूवर नेम धरला नव्हता. "मी कागद मारतो," असं म्हणत. तो बैल मात्र त्यांच्या मनातून कधी उठला नाही.

माझं सगळं अडलं होतं ते राज्याच्या संघातल्या निवडीपाशी. दोनदा मी थोडक्यात मागं पडले होते, आणि तिसऱ्या खेपेला स्पर्धेच्या महिनाभर आधी क्लबाकडं एक नवा लॉट आला. भाऊंनी तो माझ्या नळीतून झाडला. मी कागद आणायला गेले आणि तिथंच उभी राहिले. एकच भोक होतं, कडेनं जरासं कुरतडलेलं. अशी सोयरीक आमच्या क्लबात कोणाचीच जमली नव्हती.

भाऊंनी खोक्यावर फुली मारली.

"काऊन?" क्लबाचे सेक्रेटरी वकीलसाहेब म्हणाले. "इतकं मस्त तं जमलं."

"नऊच गेल्या. दहावीचा आवाज नाई आला."

मी तिथंच होते. मला दहाही आवाज आले होते, सारखे. नळीतून पाहिलं तर पलीकडचा उजेड लख्ख दिसत होता, म्हणजे दहावी आत अडकलेली नव्हती. भाऊंनी पेटी उपसली. नऊ तुकडे. मग त्यांनी पेटीपासून शिकंज्यापर्यंतचं गवत गुडघ्यांवर बसून दोन दिवस चाचपलं. दहावी सापडली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "कमजोर होती, बाई. कुठी तरी पडली. पन ह्या लॉटात तिच्या बहिनी असन. एखादी नळीतच बसून राहीन आन् तुमी तिच्यावर दुसरी माराल."

मला राग आला. वकीलसाहेब हळूच म्हणाले, "म्हाताऱ्याचे कान गेले आता," आणि मला ते पटलं, कारण पटवून घ्यायचं होतं. मी भाऊंना म्हणाले, "दिवसभर आवाजच ऐकते मी. तुमच्या कानाला काहीतरी झालंय." असं मी त्या माणसाला म्हणाले. त्यांनी खाली पाहिलं, खिशातला खडू काढून माझ्या हातात ठेवला आणि सायकल घेऊन निघून गेले. मी खोक्यावरची फुली ओल्या फडक्यानं पुसून टाकली.

स्पर्धा पुण्याला होती, रविवारी. शेजारी ओळीनं तीस जणी झोपून नेम धरत होत्या, नुसता कडकडाट चालला होता, आणि माझ्या कानांत कापूस. पहिल्या गोळ्या अगदी मधोमध बसल्या. अकराच्या सुमाराला मी एक गोळी झाडली, बोल्ट ओढला, दुसरी भरली, नेम धरला. चापावर बोट होतं. ते बोट पुढं जाईना. काही ऐकू आलं असं मी म्हणणार नाही. त्या गदारोळात काय ऐकू येणार? पण अचानक सगळी रेंज मुकी झाल्यासारखी वाटली, आमच्या खाणीत पाखरं गप्प व्हायची तशी. मी हात वर केला. पंच आले, भरलेली गोळी काढली, पुढून नळीत गज घातला. गज अर्ध्यातच अडला.

आधीची गोळी नळीत बसून राहिली होती. तिच्यावर दुसरी झाडली असती तर नळी फुगली असती, कदाचित फाटली असती. माझा गाल तिच्या मागंच, दस्त्याला टेकलेला होता. संघ गेला तो गेलाच, पण परतीच्या गाडीत मी नागपूरपर्यंत रडले ते त्यासाठी नव्हे.

चंद्रपूरला उतरून तडक भाऊंच्या घरी गेले. सून दारात आली. म्हणाली, "बाई, मामाजीले काई आयकूच नाई येत आता. रविवारपासून."

"रविवारी काय झालं?"

"काईच नाई. आंगनात तांदूळ निवडत होते माह्यासंगं. अकरा वाजले असन. एकाएकी उभे राह्यले आन् जोरानं म्हनाले, 'पोरी, दुसरी नको मारू!' मले वाटलं मलेच बोलून राह्यले. मंग खाली बसले. तवापासून हाक मारली तरी समजत नाई."

इतक्या वर्षांत त्यांनी मला बाईशिवाय हाक मारली नव्हती.

भाऊ आत खाटेवर बसले होते. मी समोर जाऊन उभी राहिले. सांगायचं तर खूप होतं, फुली पुसल्याचंही सांगायचं होतं, माफी मागायची होती, आणि त्यातलं एक अक्षर त्यांच्यापर्यंत पोचणार नव्हतं. त्यांनी माझ्या दोन्ही डोळ्यांकडं, मग गालाकडं नीट पाहिलं.

"मारली का दुसरी?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवून नाही म्हटलं.

"मंग झालं," ते म्हणाले, आणि सुनेला हाक मारून माझं ताट वाढायला सांगितलं.