घुशींसाठी बावीसची गोळी

फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालो. आता मार्केट यार्डातल्या एका गोदामाची सिक्युरिटी बघतो. परवा मालक म्हणाले, "अहो हवालदार, घुशींनी पोती फोडली. माझ्याकडे लायसनची पॉइंट टू टू, म्हणजे बावीसची रायफल आहे. गोळी कोणती घेऊ?"

माझं डोकंच सणकलं. शंकर आठवला.

पुण्यातल्या आमच्या युनिटमध्ये मी वेपन इन्स्ट्रक्टर होतो. सकाळी पीटी, मग फायरिंग रेंज. नेमबाजीच्या टीमसाठी पॉइंट टू टूच्या गोळ्या येत, भरीव शिशाच्या. त्या साली रेशन स्टोअरमध्ये घुशी माजल्या. धान्याजवळ विष चालत नाही आणि पिंजऱ्यात त्या शिरेनात. इन्स्पेक्शन तोंडावर आलेलं. सुभेदार साहेबांनी ऑर्डर दिली, "टीमच्या गोळ्या पडून आहेत. त्याच वापरा."

मी म्हणालो, "साहेब, भरीव गोळी घुशीच्या आरपार जाईल. फरशी, भिंत सगळा दगड. उलटून येईल ती. टोकाला खळगा असलेली मागवू, ती आतच फुटते. आणि मागे वाळूची पोती रचू."

"घुशीसाठी वर मागणीचा इंडेंट पाठवू? हवालदार, डोकं ठिकाणावर आहे ना? आजच साफ पाहिजे स्टोअर."

रायफल मिळाली नाईक शंकरला. हिंजवडीच्या शेतकऱ्याचा पोरगा, टीममधला सगळ्यात चांगला नेम त्याचा. जाताना हसला. "उस्ताद, कशाला टेन्शन घेताय? घूस हाय, वाघ न्हाई."

मी रेंजवर क्लास घेत होतो. वायरलेसवर आवाज आला, "रेशन स्टोअर. मॅन डाउन. अॅम्ब्युलन्स पाठवा. ओव्हर."

धावत गेलो. नेम चुकला नव्हता. घूस मरून पडली होती. तिच्यातून निघालेली गोळी भिंतीवर आपटून परत आली होती, शंकरच्या गळ्यात. अॅम्ब्युलन्स यायच्या आत तो माझ्या मांडीवर गेला.

घरी कळवायला मीच गेलो. त्याची आई म्हणाली, "लढाई कुठं होती, साहेब?" युनिटच्या स्मारकावर लढाईत पडलेल्यांचीच नावं आहेत. शंकरचं नाही. याचा मला आजही राग येतो.

मी मालकांना विचारलं, "दुपारी हमाल कुठे आडवे होतात?"

"पोत्यांमागे. का हो?"

"मग कुठलीच गोळी नको. पिंजरे मी आणतो, घुशी शिरेपर्यंत रोज लावतो."

"एवढं काय त्यात? घुशीच तर मारायच्यात."

"शंकरलाही घुशीच मारायच्या होत्या."

"कोण शंकर?"

मी सावधानमध्ये उभा राहिलो. परेडवर सांगतात तसा त्याचा नंबर, हुद्दा आणि नाव खणखणीत आवाजात सांगितलं. पोत्यांमागचे हमाल उठून बसले.