ज्योत्स्नाच्या जीपची मागची चाकं

ज्योत्स्नाने त्या तातेरावचं बोलणं खरं मानलं, हे दोन दिवस झाले तरी माझ्या डोक्यातून जात नाही.

ज्योत्स्ना माझी थोरली लेक. राजूरला खोली करून राहते आणि गावोगावच्या मेंढ्या-शेळ्यांना लस टोचते. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं होती. दहा वर्षांची असताना ती लंगड्या कोकराच्या खुरातला काटा दाताने काढायची. आजही मेंढराबद्दल मायेनं बोलणारा माणूस तिला लगेच आपला वाटतो. मला तिच्या याच गुणाची भीती वाटते.

काळ्या रानात तिची जुनी गाडी सारखी रुतायची. एक चाक चिखलात गरगर फिरायचं, दुसरं नुसतं उभं. मागच्या दोन्ही चाकांना जोर पुरवणारी गाडी तिला हवी होती. त्या यंत्राला लिमिटेड स्लिप डिफरन्शियल म्हणतात. जुन्या गाड्या विकणाऱ्या तातेरावकडच्या एका जीपमध्ये ते आहे म्हणे. परवा मीही तिच्यासोबत गेले होते.

"ताई, माझा आजाबी मेंढरंच राखायचा," तातेराव म्हणाला. "तुम्हाला फसवून मी कुठं जाऊ?"

झालं! पोरगी विरघळली. तरी तिने तपासणी केलीच. मागची दोन्ही चाकं जॅकवर उचलली, गाडी न्यूट्रलमध्ये टाकली आणि एक चाक हाताने फिरवलं. साध्या गाडीत दुसरं चाक बहुधा उलटं फिरतं. हे त्याच दिशेला फिरलं.

"बघ माय, बराबर हाय!"

"आत उघडून बघितलं का कुणी?" मी विचारलं.

"तू तर देवळातल्या पुजाऱ्यावरबी संशय घेतीस."

तातेराव जरा जास्तच मोठ्याने हसला. जीप विकत घेऊन निघालो, तर देवळाजवळच्या वळणावर मागचे टायर कर्रकन ओरडले आणि गाडीने हिसका दिला. टायर नवे आहेत, असं ज्योत्स्ना म्हणाली. नवे टायर असे ओरडतात?

काल मी कुंभार पिंपळगावला घरी परतले. आज संध्याकाळी शेजारचे बिभीषणभाऊ भेटले, ट्रॅक्टर दुरुस्त करतात ते. त्यांना सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

"वहिनी, आत वेल्डिंग मारून दोन्ही चाकं एक केली, तरी ती अशीच फिरतात. रानात चालून जातं. डांबरी रस्त्यावर वळताना मात्र आतलं चाक कमी अन् बाहेरचं जास्त फिरायला पाह्यजे. ते जमत न्हाई, मंग टायर ओरडतात. एक दिवस चाकं फिरवणारा एक्सलच तुटतो."

"मग ओळखायचं कसं?"

"पुढच्या चाकांना दगड लावा. मागचं एकच चाक उचला, दुसरं जमिनीवर राहू द्या. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडलेला. पान्याला पाइप लावून ते उचललेलं चाक जोरानं फिरवा. जड फिरलं तर असली माल. बिलकुल हाललं न्हाई तर वेल्डिंग."

दोन्ही चाकं उचलून दाखवायची कल्पना ज्योत्स्नाची की तातेरावची? आठवून पाहिलं. जॅक त्यानेच आणून दिले होते, दोन.

असेलही माझा संशय खोटा. पण पहाटे पाचला ती लसीची पेटी घेऊन त्याच जीपने अंतरवाली सराटीला निघणार आहे. सगळा डांबरी रस्ता, आणि तिचा वेग मला ठाऊक आहे. फोन करू की नको, यातच रात्रीचा एक वाजून गेलाय. झोपेतून उठवलं म्हणून ती चिडेल, तातेरावच्या मेंढरं राखणाऱ्या आजाची गोष्ट पुन्हा ऐकवेल. ऐकवू दे. सकाळची वाट पाहिली तर ती निघून गेलेली असेल. आत्ताच फोन लावते.