रेखाच्या दंडावरची चकती

डॉ. वासंती मॅडमना मी पहिल्यांदा भेटले ती मरोळच्या आमच्या प्रसूतिगृहात, परिचारिका म्हणून रुजू झाले त्या सकाळी. एका गरोदर बाईंचा साखरेचा रिपोर्ट मी पुढे केला. मॅडमनी कागदाआधी त्या बाईंकडे पाहिलं आणि मला विचारलं, "सिस्टर, या काल काय जेवल्या, विचारलंत?" मी विचारलं नव्हतं.

मॅडमच्या पंचाहत्तरीनिमित्त सांगण्यासारखं पुष्कळ आहे. मी रेखाचीच हकिगत सांगते.

रेखा कोळीवाड्यातली, बाजारात मासळी विकणारी. तिचं पहिलं बाळ नवव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. का गेलं, ते कुणी शोधलं नव्हतं. दुसऱ्या खेपेला ती तिसऱ्या महिन्यात आमच्याकडे आली. उपाशीपोटीची साखर ठीक होती.

"मॅडम, सहाव्या महिन्यात साखरेची नेहमीची तपासणी होईलच की," मी म्हणाले.

"तोवर थांबायला नको. तिने एक बाळ गमावलंय," असं म्हणून त्यांनी रेखाच्या दंडावर बटणाएवढी चकती लावली. ती रात्रंदिवस साखर मोजत राहते.

"बाय, माझा हात दिसभर पान्यान. निंगल ना ही?" रेखाने विचारलं.

दोन दिवसांनी चकती पाण्याने निघाली तर नाही ना, ते बघायला मॅडम स्वतः बाजारात गेल्या आणि तिच्या टोपलीशेजारी बसल्या. रेखाचं दर थोड्या वेळाने गोड चहा आणि पाव चालतं, हे त्यांनी तिथेच पाहिलं. दहा दिवसांचा आलेख आला, तेव्हा खाल्ल्यानंतर साखर चढून बराच वेळ उतरत नव्हती. माझी मान खाली गेली.

मॅडमनी रेखाचं खाणं बदललं, तशा तिच्या सासूबाई तणतणत आल्या. "पोटुशी पोरीला उपाशी ठेवताव काय?"

"नाही हो आजी. मासळी पोटभर खाऊ द्या. भात निम्मा, चहा बिनसाखरेचा," मॅडम म्हणाल्या.

पुढे इन्शुलिन लागलं, तेव्हा सुई टोचायला मॅडमनी या सासूबाईंनाच शिकवलं.

दिवस भरले आणि मुलगी झाली. खणखणीत रडली. रेखा माझा हात धरून विचारत राहिली, "माझीच रडतंय ना?"

घरचे मॅडमच्या पाया पडायला आले, तर त्यांनी मला पुढे केलं. "रोजचे आकडे या सिस्टरांनी पाहिले." तिसऱ्या महिन्यात मी काय म्हणाले होते, ते त्यांनी कुणालाच कधी सांगितलं नाही. ते आज मीच सांगते आहे.

मॅडम, तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आणि आमच्या चुका तुम्ही अशाच हळू आवाजात दाखवत राहा.