नंबर लावलेला हामूर जिवंत सापडला

मंडळी, आपल्या या ई-मेल गटात मी नुसता वाचत असतो. आज मात्र लिहावंसं वाटलं.

मी बहरीनमध्ये माशांची मोजदाद करणारा टेक्निशियन आहे. मासा पकडायचा, मोजायचा, पाठीला नंबराची पट्टी लावून सोडायचा. इथल्या हिद्द गावचे म्हातारे कोळी हाजीसाहेब नेहमी ओरडायचे, "तुम नंबर लगाता, मच्छी खलास!" नंबराचा एकही मासा परत मिळाला नव्हता, त्यामुळे ऑफिसही हे काम बंद करणार होतं.

आज सकाळी ओहोटीला हाजींच्याच जाळ्यात एक हामूर, इकडचा मोठा खडकाळ मासा, सापडला. पाठीवर शेवाळलेली पट्टी. गेल्या वर्षी मीच लावलेली! मासा चांगला चार बोटं वाढलेला.

मोजताना मी हात ओले करतो आणि माशाच्या डोळ्यांवर ओलं फडकं ठेवतो. मग तो तडफडत नाही. ऑफिसात हसतात, "बाळाला झोपवतोस काय?" रत्नागिरीच्या खाडीत लहान मासे परत सोडताना अब्बा असंच करायचे.

आजही मी हात ओले केले आणि फडकं काढलं, तेव्हा हाजींनी विचारलं, "किसने सिखाया?"

"मेरे अब्बा ने. पिछले महीने गुजर गए."

हाजींनी डोक्यावरचा रुमाल काढून समुद्रात भिजवला, हामूरच्या डोळ्यांवर ठेवला आणि म्हणाले, "यल्ला, चलो, नाप लो."

मोजून आम्ही त्याला सोडून दिलं.

अब्बांच्या मातीला मला पोचता आलं नाही. महिनाभर त्यांचं नाव मी कोणाजवळ काढलं नव्हतं. आज काढलं, आणि ताठ मानेने काढलं.

तुमच्या हातात तुमच्या आईवडिलांचं काय उतरलंय?